दगडाचा कस: विहिरीच्या डबरातून खनिजं ओळखायला शिकताना

साक्री तालुक्यात मामांच्या शेतात नवी विहीर खणत होते. चाळीसेक फुटांवर काळा पाषाण लागला, सुरुंग लावले आणि यारीच्या बादलीतून डबर वर यायला लागला. त्यातला एक गोटा बांधावर आपटून फुटला. आत मुठीएवढी पोकळी, आणि पोकळीत पांढरे, किंचित गुलाबी झाक असलेले स्फटिक चमकत होते. मामांनी तो उचलला आणि विचारलं, "भाचा, हाई काय शे रे? हिरा शे का?"

हिरा नाही हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं. मग काय आहे, हे सांगायला अर्धा दिवस गेला. तो अर्धा दिवस कसा घालवायचा ते इथे लिहितो. प्रयोगशाळा लागत नाही. ओसरीवर सावली, चांगला उजेड आणि थोडा धीर पुरे.

खान्देशात सुरुवात सोपी का

धुळे, नंदुरबार, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत बहुतेक ठिकाणी पायाखाली किंवा काळ्या मातीखाली बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, असतो. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थरावर थर. लाव्हा थंड होताना त्यातला वायू बुडबुड्यांसारखा अडकून राहिला, पोकळ्या तयार झाल्या. पुढे त्यांतून गरम, क्षारयुक्त पाणी झिरपत राहिलं आणि आतल्या भिंतींवर स्फटिक वाढले. म्हणून दगड बाहेरून काळा कुळकुळीत आणि आत लखलखीत. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या खदानींमधले असे नमुने जगभरच्या संग्रहांत जाऊन बसलेत. आपल्याला मात्र सावदा म्हटलं की केळी आठवतात.

नवख्याला यात एक मोठा फायदा आहे. जगात खनिजांचे हजारो प्रकार आहेत, पण आपल्या पोकळ्यांत नेहमी भेटणारी मंडळी दहा-बारा. गारगोटी म्हणजे क्वॉर्ट्झ, तिचेच भाऊबंद कॅल्सेडनी आणि अकीक, कॅल्साइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, ॲपोफिलाइट, सुईसारखं स्कोलेसाइट, कापसासारखं मॉर्डेनाइट आणि पोकळीला अस्तर लावणारं हिरवं सेलॅडोनाइट. एवढी ओळखता आली तरी गावातले दहापैकी आठ दगड हातातले झाले.

काय गोळा करायचं

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, सराफ वापरतात तसलं. पोलादी पात्याचा जुना चाकू. तांब्याचं एखादं जुनं नाणं. खिडकीच्या काचेचा तळहाताएवढा तुकडा, कडांना चिकटपट्टी लावलेला. एक चुंबक. एक लिंबू. दागिन्यांसाठी मिळतो तो छोटा डिजिटल वजनकाटा. आणि बाथरूमच्या फरशीचा फुटका तुकडा. फरशीची चकचकीत बाजू आपल्या उपयोगाची नाही, मागची खरखरीत, बिनचकाकीची बाजू हवी. दगड फोडणार असाल तर डोळ्यांना गॉगल हवाच. बेसाल्टची कपची डोळ्यात गेली तर संग्रह तिथेच संपला.

दगड कुठून आणायचे? नव्या विहिरीचा डबर सगळ्यांत चांगला, मालकाला विचारून. खदानीतही परवानगीशिवाय पाय ठेवू नका, न उडालेल्या सुरुंगाच्या जवळपासही फिरकू नका, आणि कुठलाही दगड उलटताना बोटं खालून घालू नका. विंचवाला भूगर्भशास्त्रात रस नसतो. अजिंठ्यासारख्या संरक्षित जागी फक्त डोळ्यांनी बघायचं. लेण्यांच्या भिंतीत भरलेल्या पोकळ्या नीट दिसतात, तेवढ्यावर समाधान मानायचं. आणि चैत्रानंतर जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत परत या. दुपारी आपला काळा पाषाण हातात धरवत नाही.

पहिली गोष्ट: रंगावर जाऊ नका

माझी फजिती आधी सांगतो. शिकत होतो तेव्हा एका विक्रेत्याकडून गर्द गुलाबी अकीक घेतला, चांगले पैसे मोजून. घरी आणून भिंगाखाली धरला तर गुलाबी रंग तड्यांमध्ये जास्त आणि मधे कमी. नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून फिरवला, कापूस गुलाबी झाला. दगड खरा होता, रंग दुकानातला होता.

फसवणूक बाजूला ठेवली तरी रंग भरवशाचा नाही. क्वॉर्ट्झ पांढरा, धुरकट, जांभळा, पिवळा, कसाही सापडतो. स्टिल्बाइट पांढरं असतं, गुलाबी असतं, विटकरीही असतं. ॲपोफिलाइट बहुधा रंगहीन, पण त्यात व्हॅनेडियम हा धातू अत्यल्प असला तर सुरेख हिरवं. म्हणून वहीत रंग लिहा, पण नाव ठरवताना तो शेवटी बघा.

चकाकी

दगड हलवत, उजेडाला तिरका धरून बघायचा. ताजी फुटलेली बाजू बघायची, मातीने माखलेली नाही. काचेसारखी चमक क्वॉर्ट्झला आणि कॅल्साइटला. मेणबत्तीसारखी मंद, चोपडी चमक कॅल्सेडनीला. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी मोतिया चमक स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइटच्या रुंद पृष्ठावर. रेशमी चमक बारीक तंतूंना. सेलॅडोनाइट मातकट, चमकच नाही.

ॲपोफिलाइटची गंमत अशी की त्याच्या बाजू काचेसारख्या आणि डोक्यावरचा सपाट भाग मोत्यासारखा. जुन्या काळी युरोपात त्याला माशाच्या डोळ्याचा दगड म्हणायचे. बाजारातून ताजा मासा आणला की त्याच्या डोळ्याकडे एकदा नीट बघा, नाव का पडलं ते कळेल.

कठिणपणा: इथे वेळ द्या

सगळ्या चाचण्यांत ही मला सर्वांत प्रिय, कारण ती कमी खोटं बोलते. फ्रीडरिश मोस या खनिजशास्त्रज्ञाने 1812 मध्ये दहा खनिजांची उतरंड लावली: 1 संगजिरे, 2 जिप्सम, 3 कॅल्साइट, 4 फ्लुओराइट, 5 ॲपेटाइट, 6 ऑर्थोक्लेज, 7 क्वॉर्ट्झ, 8 पुष्कराज, 9 कुरुविंद, 10 हिरा. वरचा खालच्याला ओरखडतो, एवढाच नियम. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. 9 आणि 10 मधली उडी खालच्या सगळ्या पायऱ्यांच्या बेरजेहून मोठी आहे.

आपल्याकडे कुरुविंद नसतो, म्हणून घरगुती उतरंड वापरायची. नख साधारण 2.5. तांब्याचं नाणं 3 च्या थोडं वर. चाकूचं पातं आणि काच 5.5 च्या आसपास. फरशीची मागची बाजू 6.5 ते 7.

कृती अशी. दगडाची नको असलेली, तुटकी बाजू निवडा. सुंदर स्फटिकाच्या टोकावर चाकू फिरवायचा नाही. मी एका अख्ख्या ह्यूलँडाइटवर फिरवला होता, तो ओरखडा अजून माझ्याकडे बघतो. चाकूचं टोक टेकवून अर्धा सेंटिमीटर जोर लावून ओढा. मग, आणि हे बहुतेक लोक विसरतात, बोट ओलं करून ती रेघ पुसा. पुसली गेली तर ती रेघ दगडाची नव्हतीच. दगड चाकूहून कठीण होता, त्याने चाकूचंच पोलाद खरवडून अंगावर घेतलं. पुसूनही खाच राहिली, नखाला लागली, तर दगड मऊ. उलटही करून बघा, दगडाच्या टोकाने काचेवर ओढा. दोन्ही उत्तरं जुळली तरच वहीत लिहा.

एवढ्या एका चाचणीने खान्देशातला निम्मा घोळ मिटतो. पांढरा पारदर्शक दगड काचेवर करकरीत ओरखडा पाडतो आणि चाकूला दाद देत नाही: क्वॉर्ट्झ. चाकू त्याला सहज कापतो आणि तांब्याचं नाणंही बारीकसा ओरखडा पाडतं: कॅल्साइट. नाणं काही करत नाही पण चाकू खाच पाडतो: बहुतेक स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट, दोन्ही 3.5 ते 4. चाकूला जोर लावावा लागला: ॲपोफिलाइट, 4.5 ते 5.

मामांचा 'हिरा' इथेच बाद झाला. चाकूने खाच पडली.

कस

जळगावच्या सराफाकडे सोनं नेलं की तो काळ्या कसोटीवर दागिना घासतो आणि उमटलेली रेघ बघतो. खनिजाचाही असाच कस असतो, आणि मराठी भूगर्भशास्त्रात शब्दही हाच आहे. फरशीच्या खरखरीत बाजूवर दगड घासायचा, पावडरीचा रंग बघायचा. अंगाचा रंग फसवतो, पावडरीचा सहसा फसवत नाही. लोखंडाचं खनिज हेमाटाइट काळं, पोलादी दिसतं पण कस तांबूस-विटकरी. चुंबकाला चिकटणाऱ्या मॅग्नेटाइटचा कस काळा. सोन्यासारखा चमकणारा पायराइट हिरवट-काळी रेघ सोडतो. खरं सोनं पिवळीच सोडतं.

आपल्या पोकळ्यांतल्या पांढऱ्या मंडळींसाठी मात्र ही चाचणी निरुपयोगी, सगळ्यांचा कस पांढरा. क्वॉर्ट्झ तर फरशीलाच कापतं. दोन लाव्हाथरांच्या मधे जी तांबडी पट्टी दिसते तिचा खडा घासून बघा, विटकरी रेघ येईल. ती लोहाच्या ऑक्साइडची करामत.

फुटतं कसं

गूळ कसाही फुटतो, खडीसाखर मात्र सपाट कडा ठेवते. काही खनिजं ठरावीक दिशेने सपाट फुटतात, याला पाटन म्हणतात. कॅल्साइट फोडा, तुकडे पुन्हा पुन्हा त्याच आकाराचे निघतील: बाजूने ढकलून तिरक्या झालेल्या खोक्यासारखे. त्या तुकड्याचे तुकडे केले तरी तेच. पारदर्शक तुकडा मिळाला तर वर्तमानपत्रावर ठेवा, खालचं अक्षर दोनदा दिसेल. लहान मुलांना हे दाखवा, पुढचा तासभर ती तुम्हाला सोडणार नाहीत.

क्वॉर्ट्झला पाटन नाही. ते बाटलीच्या काचेसारखं फुटतं, खोलगट आणि शिंपल्यावरच्या वळ्यांसारख्या रेषा असलेलं. स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट एका दिशेने पापुद्र्यासारखं सुटतं. ॲपोफिलाइट आडवं, लांबीला काटकोनात तुटतं.

नवख्याचा गोंधळ इथे असतो: स्फटिकाची मूळ बाजू कुठली आणि फुटून झालेली कुठली? भिंगाने कड बघा. फुटीची बाजू असेल तर तिथे त्याच दिशेच्या बारीक पायऱ्या दिसतात, एकाखाली एक. मूळ बाजूवर पायऱ्या नसतात. असल्याच तर वाढीच्या रेषा असतात. क्वॉर्ट्झच्या षटकोनी खांबावर त्या आडव्या, ॲपोफिलाइटच्या चौकोनी खांबावर उभ्या. दोन्ही रंगहीन आणि दोन्ही चमकदार असताना एवढी एक गोष्ट भिंगाखाली दिसली तरी पुरते.

आकार

आता मामांच्या दगडाकडे परत. भिंगाखाली धरला तेव्हा पापुद्रे मधोमध एकत्र आणि दोन्ही टोकांना फाकलेले दिसले. बाजरी कापून मधे आवळून बांधलेल्या पेंढीसारखे. ही पेंढी म्हणजे स्टिल्बाइटची सहीच. ह्यूलँडाइटचे स्फटिक पेंढी बांधत नाहीत, ते सुटे, चपटे, मधे रुंद आणि टोकांकडे निमुळते असतात. दोघांचा कठिणपणा एक, चमक एक, फूट एक. फरक पाडतो तो आकार, आणि तोही अर्धवट तुटलेला असेल तर पंचाईत.

कापसाचा बोळा ठेवल्यासारखे पांढरे तंतू दिसले तर मॉर्डेनाइटचा संशय घ्या आणि हात लावू नका. धुवूही नका, ओले तंतू एकमेकांना चिकटतात आणि मग तो बोळा पूर्वीसारखा होत नाही.

लिंबू आणि वजन

कॅल्साइटची खात्री करायची तर चाकूने थोडी पावडर खरवडा आणि त्यावर लिंबू पिळा. भिंगातून बघा, बारीक बुडबुडे उठतील. पावडर करणं महत्त्वाचं, अखंड पृष्ठावर लिंबू फारसं चालत नाही. शेतातली चुनखडीही फसफसते, कारण तीही कॅल्शियम कार्बोनेटच. स्टिल्बाइट, क्वॉर्ट्झ शांत राहतात. संडास साफ करायचं ॲसिड यासाठी वापरू नका. हाताला आणि फुप्फुसाला वाईट, शिवाय सुंदर झिओलाइटचं, म्हणजे स्टिल्बाइट-ह्यूलँडाइटच्या गटातल्या खनिजांचं, पृष्ठ कायमचं मळकट होतं.

वजनाची चाचणी थोडी खटपटीची, पण मला आवडते. आधी सुका दगड तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवतो तेवढे घन सेंटिमीटर दगडाचं आकारमान. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. दगड 53 ग्रॅम आणि पाण्यातला आकडा 20 आला तर 2.65, म्हणजे क्वॉर्ट्झला जुळतं. स्टिल्बाइट 2.2 च्या आसपास येतं, हातातही हलकं लागतं. कॅल्साइट 2.71, त्यामुळे क्वॉर्ट्झ आणि कॅल्साइटमधला फरक घरच्या काट्यावर सोडवायला जाऊ नका, त्याला चाकू आहे. आणि दगडाला बेसाल्टचा तुकडा चिकटलेला असेल तर ही सगळी आकडेमोड फुकट.

झिओलाइट हलकी का, याचं उत्तर त्यांच्या आतल्या बारीक पोकळ्यांत आहे. त्यांत पाणी असतं. स्वीडनचा खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट याने 1756 मध्ये असं खनिज तापवलं तेव्हा त्यातून वाफ उसळली. म्हणून ग्रीकमधलं 'उकळणारा दगड' हे नाव, झिओलाइट. गॅसवर धरून तुम्ही हा प्रयोग करू नका, तुकडे उडतात.

चुंबकाची चाचणी दोन वाक्यांत. पांझरेच्या किंवा तापीच्या काठची कोरडी वाळू कागदावर पसरा, चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, काळे कण मिशीसारखे उभे राहतील. ते बेसाल्ट झिजून सुटलेलं मॅग्नेटाइट आणि त्याचे नातलग.

नेहमी येणारे फसवे पाहुणे

'उल्का सापडली' म्हणून लोक जे घेऊन येतात ते बहुधा धातू वितळवायच्या भट्टीतली मळी असते: जड, काळी, बुडबुड्यांनी भरलेली. नदीत घासून गोल झालेली हिरवी बाटलीची काच पाचू म्हणून येते. तिच्यात भिंगाने गोल बुडबुडे दिसतात, पाटन नसतं, आणि क्वॉर्ट्झ तिच्यावर सहज ओरखडा पाडतं. काळ्या दगडात पांढरे लांबट ठिपके दिसले तर ते पोकळीत भरलेलं खनिज असेलच असं नाही. चाकूने खाच पडत नसेल आणि आकार टोकदार पट्टीसारखा असेल तर तो लाव्हाबरोबरच आलेला फेल्डस्पार. पोकळी गोल किंवा बदामी असते, फेल्डस्पार सरळ कडांचा.

चिठ्ठी

दगड ज्या दिवशी सापडला त्याच दिवशी चिठ्ठी लिहा. जागा, खोली, तारीख, आणि प्रत्येक चाचणीचं उत्तर, नाव नव्हे. नाव पेन्सिलने, बाकी शाईने. एखादी चाचणी नावाशी भांडत असेल तर चाचणी खोडू नका, नाव खोडा. जिथे घरची सगळी हत्यारं थकतात तिथे भूगर्भशास्त्र शिकवणारं कॉलेज गाठायचं. तिथे क्ष-किरणांची तपासणी होत असेल तर ह्यूलँडाइट आणि स्टिल्बाइट यांतला फरक तेच सांगू शकतात.

विहिरीतून त्या दिवशी मी तीन दगड मामांच्या घरी आणून ठेवले. पहिल्याची चिठ्ठी अशी आहे:

साक्री तालुका, विहीर, खोली सुमारे 40 फूट. चकाकी मोतिया. तांब्याचं नाणं: नाही. चाकू: खाच, पुसून राहिली. एका दिशेने पापुद्रे. पेंढीचा आकार. लिंबू: शांत. रंग पांढरा, गुलाबी झाक. स्टिल्बाइट.

दुसऱ्याची याच्याहून सोपी, काचेवर ओरखडा आणि षटकोनी खांब, गारगोटी. तिसऱ्यावर हिरवट पापुद्रा आणि त्यावर राईएवढे रंगहीन ठोकळे आहेत. डोक्यावर मोतिया चमक दिसते असं मला सकाळी वाटतं, संध्याकाळी वाटत नाही. चाकू लावायला जागाच नाही. त्या चिठ्ठीवर पेन्सिलने प्रश्नचिन्ह आहे. मामा मात्र अजून आल्यागेल्याला तोच दगड दाखवून सांगतात, "भाचा म्हणतो हिरा नाही, पण त्याला अजून काय आहे ते सापडलं नाही."